‘संगणकाचा जनक कोण?’ या एका गुणाच्या प्रश्नाबद्दल : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : संगणक घडवणाऱ्या माणसांची ओळख आणि त्यांची विचार करण्याची रीत शाळेत मराठीतून शिकवण्याबाबत

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत १९ वर्षं गणित शिकवते आहे. गेली ८ वर्षं संगणकाचा तासही माझ्याकडेच आहे. योजनेतून आलेला कंत्राटी शिक्षक करार संपल्यावर गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून तो तास माझ्याकडे आला.

आमच्या सहामाहीच्या पेपरात दरवर्षी एक प्रश्न असतो. ‘संगणकाचा जनक कोण?’ एक गुण. अख्खा वर्ग ‘चार्ल्स बॅबेज’ लिहितो आणि अख्ख्या वर्गाला तो गुण मिळतो. २०१९ साली तपासलेले पेपर वाटताना मी विचारलं, हा बॅबेज कुठला, त्याने केलं काय? वर्ग गप्प. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, त्यानं विंडोज काढलान ना?” त्याला मी काय बोलणार? नावापलीकडे बॅबेजबद्दल एक अक्षर त्याच्या कानावर आम्ही कधी घातलेलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना मला फार वाईट वाटलं, आणि हे पत्र खरं तर तेव्हाच मनात सुरू झालं.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. शाळा तेव्हा कोरोनामुळे बंदच होती. संगणक खोलीचे पत्रे उडाले आणि दहा संगणकांवर रात्रभर पाऊस पडला. तसेही ते खाऱ्या हवेने अर्धे झालेच होते. मेणकापडाखाली कीबोर्डाचे स्क्रू गंजून तपकिरी पडलेले, बॅटरीच्या पेट्या फुगलेल्या. आमच्या वाडीत वीज आली ती कितीतरी दिवसांनी. शाळा पुन्हा भरू लागली तेव्हा वेळापत्रकात संगणकाचा तास होता, खोलीत संगणक नव्हते, आणि समोर आठवीची ३४ मुलं बसलेली होती. मी खडू घेतला आणि फळ्यावर एका बाईचं नाव लिहिलं. एडा लवलेस.

मुलांना मी सांगितलं ते आपणांसही सांगते. इंग्लंडात बॅबेजने एका यंत्राचा आराखडा केला होता. छिद्रं पाडलेल्या पत्त्यांवरून हुकूम घेणारं आणि कुठलंही गणित करू शकणारं यंत्र. पत्त्यांची कल्पना त्याने नक्षीदार कापड विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावरून उचलली. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरं झालंच नाही. पण १८४३ साली एडाने त्यावरच्या एका फ्रेंच लेखाचं भाषांतर केलं आणि सोबत स्वतःच्या टिपा जोडल्या. मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट. शेवटच्या टिपेत तिने त्या यंत्राने बर्नुली संख्या (गणितातली एक ठराविक संख्यामाला) कशा काढायच्या, कुठली क्रिया आधी, कुठली नंतर, कुठला भाग पुन्हा पुन्हा, याचा तक्ता मांडला. तेव्हा ती २७ वर्षांची होती. टिपांखाली पुरं नावसुद्धा नाही, फक्त आद्याक्षरं.

खारवाड्यातली एक मुलगी उभी राहिली. “बाई, मशीनच नव्हती तर तिनं लिवलान कसा?”

मंत्रिमहोदय, माझ्या १९ वर्षांच्या नोकरीत मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. मी म्हटलं, तुमच्याकडे तरी कुठे मशीन आहे? आपण पण लिहू या.

आणि आम्ही लिहायला लागलो. सुरुवात केली दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांपासून. १७ जानेवारी १९०५ चा डहाणूचा जन्म, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे. देवळालीला शाळामास्तर. त्यांनी संगणक बनवला नाही, पण त्यांनी शोधलेली ६१७४ ची गंमत म्हणजे प्रोग्रामिंगचा पहिला धडाच आहे. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. एका मुलाने २०११ हे साल घेतलं. २११० मधून ०११२ गेले, १९९८ राहिले. मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. आणि ६१७४ चं तेच केलं तर पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त ७ फेऱ्यांत कुठलीही संख्या तिथे येऊन थांबते. ‘अमुक होईपर्यंत तमुक करत राहा’ हे वाक्य म्हणजे संगणकाचा प्राण, आणि ते आमच्या मुलांना वहीच्या मागच्या पानावर कळलं.

त्यातच एका मुलीचं उत्तर शून्य आलं. तिने २१११ घेतले होते. सगळे म्हणाले, तुझी वजाबाकी चुकली. वजाबाकी बरोबर होती. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात, तिने ९९९ लिहिले, पुढच्या फेरीत ९९९ मधून ९९९ गेले, शून्य. अर्धा तास सगळा वर्ग त्या वहीभोवती. शेवटी एकाला सापडलं, ९९९ नाही, ०९९९ लिहायला हवं होतं. पुढचं शून्य गळलं की गाडी घसरते. शून्य लावून पुन्हा केलं आणि आलं की ६१७४. मग दुसरा म्हणाला, “पण बाई, ४४४४ घेतलं तर काय पण करा, शून्यच.” म्हणजे आधीच सांगून ठेवायला हवं की सगळे अंक सारखे चालणार नाहीत. चूक शोधणं, ती का झाली ते कळणं, आणि पुढच्याने ती करू नये म्हणून आधीच अट घालणं. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं दिवसभर हेच करतात. त्याच तासाला मी मुलांना ९ सप्टेंबर १९४७ ची हार्वर्डमधली गोष्ट सांगितली. ग्रेस हॉपर ज्या गटात काम करत होत्या, त्या गटाच्या मार्क दोन या संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचात, दिव्याभोवती फिरतो तसा एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवला गेला. चुकीला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची रीत इंजिनिअरांत आधीपासून होती, खराखुरा किडा सापडला तो त्या दिवशी. आता आमच्या वर्गात चुकलेलं उत्तर कुणी खोडत नाही. बाजूला पतंगाचं चित्र काढतात आणि खाली कारण लिहितात.

हॉपर बाईंचं खरं मोठं काम त्या किड्यापेक्षा फार मोठं आहे. यंत्राला त्याच्या आकड्यांच्या भाषेत हुकूम देण्याऐवजी माणसाने आपल्या शब्दांत लिहावं आणि यंत्रानेच त्याचं भाषांतर करून घ्यावं, हा विचार त्यांनी १९५२ च्या सुमारास प्रत्यक्ष करून दाखवला.

तशाच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत बांधलेल्या एनिॲक या संगणकाच्या सहा जणी. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास, रूथ लिक्टरमन. युद्धात तोफगोळ्यांचे मार्ग हाताने काढणाऱ्या बायकांना तेव्हा ‘कॉम्प्युटर’ म्हणत, आपल्या भाषेत गणक. त्यांतून या सहा जणींना निवडलं, पण सुरुवातीला यंत्राच्या खोलीत जायची परवानगी नव्हती. हाती दिले ते नुसते आराखडे. त्यावरून त्यांनी ते अवाढव्य यंत्र समजून घेतलं आणि त्याला काम करायला लावलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगाला दाखवलं तेव्हा त्यांची ओळखही कुणी करून दिली नाही. आमच्या शाळेत मुलींची संख्या निम्म्याहून जास्त आहे. ही गोष्ट मी अर्धवट सोडून घंटा झाल्यावर निघाले, तर त्या स्टाफरूमपर्यंत मागे आल्या.

आता आपल्या देशाकडे, आणि आपल्याच कोकण विभागाकडे येते, कारण मुंबई कोकण विभागातच मोडते. मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९५४ साली रंगस्वामी नरसिंहन नावाचे गणितात डॉक्टरेट केलेले तरुण अमेरिकेतून परत येऊन रुजू झाले. त्यांनी आणि त्यांच्यासोबतच्या मूठभर तरुणांनी संगणक बांधायला घेतला. आधी छोटं प्रायोगिक यंत्र, ते १९५६ मध्ये चाललं. मग पूर्ण यंत्र, १९६० साली. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं, टिफ्रॅक. त्याची स्मरणशक्ती होती ४० बिटांचे २०४८ शब्द (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक). मुलांनी फळ्यावर गुणाकार केला, ८१,९२० बिट. आज ती एकमेकांना एक फोटो पाठवतात, त्याला याच्या कितीतरी पट जागा लागते. तेवढ्याशा जागेत शास्त्रज्ञांनी खरी गणितं सोडवली. भारतात पहिला संगणक त्याआधी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत महालनोबिसांनी आणला होता, पण तो इंग्लंडातून आलेला. इथे आपल्या माणसांनी हाताने झाळून उभा केला. आमच्या प्रत्येक वाडीतली चार घरं मुंबईला चाकरमानी आहेत. त्यातलं एखादं पोर, आज ही संस्था जिथे आहे त्या कुलाब्यावरून रोज कामाला जात असेल आणि हे कुणी केलं, कुठे केलं, याची त्याला दाद नाही. मला ही गोष्ट मनापासून लागते.

भाषेचंही असंच. आमच्या एका मुलीने हस्तलिखितासाठी निबंध टाइप केला, ‘सह्याद्रीचे डोंगर आणि दऱ्या’. छापून आलं, ‘सह्याद्रीचे डोंगर आणि दर्या’. ती म्हणाली, “बाई, दर्या इथं खाली, डोंगरावर कसा चढला?” मराठीत हे दोन र वेगळे आहेत. दर्यातला रफार होऊन डोक्यावर जातो, दऱ्यांतला अर्धा र य च्या अंगाला चिकटतो. हिंदीला त्याची गरज नाही, आपल्याला आहे. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात र चा क्रमांक २३५२ आहे आणि त्याच्या शेजारी २३५३ क्रमांकाला ऱ बसला आहे. त्या ऱ चा पाय मोडून पुढे या लिहिलं की दऱ्या होतात. मुलीला ते कळल्यावर तिने ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘किनाऱ्याला’ असे शब्द शोधून पानभर यादी केली.

यंत्राला देवनागरी शिकवणारी माणसं होती, म्हणून मी हे पत्र मराठीत टाइप करू शकते. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर भारतीय लिप्या आणणारं जिस्ट तंत्र उभं केलं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत वाढलं. सगळ्या भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच क्रमाची आहे हे धरून त्यांनी एकच संकेतपद्धत आणि एकच कळफलक आखला, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. १९९१ मध्ये त्या संकेतपद्धतीला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही त्याच घराण्यातली. याच सी-डॅकमध्ये अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर होते आणि १९९१ सालीच तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. यातलं एक नाव तरी आमच्या मुलांच्या पुस्तकात असावं, एवढं मागणं फार आहे का?

आणखी एक उदाहरण देते, कारण एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं होतं, “बाई, इतिहास शिकवून नोकरी लागते का? त्यापेक्षा टायपिंग घ्या.” आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई हर्णै बंदरावर मासळी निवडायचं काम करते. लिलावाआधी पापलेटं आकाराप्रमाणे लावायची असतात. मी मुलांना वजनाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि त्या क्रमाने लावायला सांगितल्या. बहुतेकांनी एकेक चिठ्ठी उचलून सगळ्यांशी ताडून पाहिली. या मुलीने मधली एक चिठ्ठी उचलली, जड त्या अंगाला, हलक्या या अंगाला असे दोन ढीग केले, मग प्रत्येक ढिगात पुन्हा तेच. सगळ्यांच्या आधी तिचं झालं. “आये अशीच लावते,” म्हणाली. कोलंबोत जन्मलेले टोनी होअर मॉस्कोत शिकत होते. रशियन वाक्यातले शब्द यंत्राच्या शब्दकोशात शोधण्यासाठी आधी वर्णक्रमाने लावायला हवे होते. तेव्हा त्यांना हीच रीत सुचली, आणि १९६१ मध्ये ती ‘क्विकसॉर्ट’ नावाने छापून आली. आजही जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये ती वापरली जाते. त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा आपण पाहायला हवा होता. टायपिंग ती दोन महिन्यांत शिकेल. आपल्या घरातली रीत जगाच्या कामाची आहे हे तिला कोण सांगणार?

इथे एक काळजी मी घेते आणि नव्या पुस्तकांतही घेतली जावी असं मला वाटतं. नववी-दहावीला वृत्तं शिकवताना आम्ही ‘यमाताराजभानसलगा’ पाठ करून घेतो. लघुला शून्य आणि गुरूला एक लिहिलं की ०१११०१०००१ असे दहा अंक मिळतात, आणि त्यात लागोपाठचे तीन-तीन अंक घेत गेलं की आठही गण एकेकदा येतात, एकही दोनदा नाही. मुलं हे पाहून थक्क होतात. पिंगलाचार्यांनी छंदांच्या अभ्यासात लघु-गुरूंचे सगळे प्रस्तार मांडले, हे खरं आणि अभिमानाचं. पण त्यांनी संगणक शोधला असं मी सांगत नाही. द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ चं अंकगणित लायब्निझने मांडलं, तर्काचं बीजगणित जॉर्ज बूलने १८५४ साली ग्रंथरूपाने दिलं, आणि स्विचांच्या जोडणीला ते बूलचं बीजगणित लागू पडतं हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात दाखवलं. ज्याचं त्याला दिलं की आपल्याकडचं जे आहे तेही ठाम उभं राहतं.

आमच्या तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँगलर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. बॅबेज ज्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता आणि ॲलन ट्युरिंग पुढे जिथे शिकला, तेच हे केंब्रिज. ट्युरिंगनेही १९३६ मध्ये यंत्राने काय मोजता येतं आणि काय येत नाही याचा निवाडा केला तो एका कल्पनेतल्या यंत्रावर, कागदावर. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. इथल्या मुलांत दम आहे. आम्ही त्यांना पेस्ट आणि सेव्ह यांच्या पलीकडे नेत नाही, ही आमची उणीव.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिक टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख आहे. त्यासाठी यंत्रं येतील तेव्हा येतील, आणि ती यावीतच. गावोगाव खोल्या पक्क्या व्हाव्यात, संगणक शिक्षकाचं पद कायमचं मंजूर व्हावं, हे मी मागतेच आहे. दर पाच वर्षांनी शिक्षक जातो तिथे विषय रुजत नाही. पण आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यातले दोन-तीन दिवस वीज नसते, आणि तेवढे तास मला रिकामे घालवायचे नाहीत. त्यासाठी बालभारतीकडून एक पूरक पुस्तिका हवी, मराठीत, माणसांच्या गोष्टींची आणि खडू-फळ्यावर करता येतील अशा कृतींची. पेपरात ‘जनक कोण’ ऐवजी ‘ही कृती कुठे चुकली ते शोधा’ असा प्रश्न यावा आणि त्याला पाच गुण असावेत. गणिताच्या आणि मराठीच्याही शिक्षकांना रत्नागिरीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत चार दिवसांचं प्रशिक्षण मिळावं. मराठीच्या शिक्षकांना मुद्दाम म्हणते, कारण लघु-गुरू आणि दऱ्या त्यांच्याच हातात आहेत.

या पत्रासोबत मी ४२ पानांची वही पाठवते आहे. तिच्यात गेल्या चार वर्षांत वर्गात घेतलेले १७ तास लिहिले आहेत, प्रत्येक तासाला काय सामान लागलं, मुलं कुठे अडली, कुठल्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही, सगळं. चित्रं आठवीच्या मुलींनी काढली आहेत. वही पुस्तक मंडळाच्या उपयोगाची वाटली तर खुशाल वापरावी, नाव नको. फक्त मूळ प्रत १५ जूनपूर्वी परत मिळावी. शाळा सुरू झाली की नव्या वर्गाचा पहिला तास तिच्यातूनच घ्यायचा आहे.

आपली,
एक गणित शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी